इंजिनाच्या नाकाचा साचा

दातांचा साचा घ्यायचा लगदा रेल्वे इंजिनाच्या नाकावर थापणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली, आणि ती आमच्या शेजारी राहते. वैजयंती आपटे, आमच्या वैजूताई. मूळ मिरजेच्या, आता इथे परदेशात न्यू लिन उपनगरात राहणाऱ्या. ईस्ट टामाकीतल्या एका डेंटल लॅबमध्ये कॅपा आणि कवळ्या बनवतात. घरी एकट्याच असतात. माणूस भेटला की आधी त्याचे दात बघतात, मग नाव विचारतात. पहिल्या भेटीत मला म्हणाल्या, "डावीकडेच चावतेस तू. मी वैजू."

त्यांचं वेड म्हणजे एकोणीसशे पन्नासच्या दशकातलं लाल डिझेल-इलेक्ट्रिक इंजिन. तसं एक इथल्या रेल्वेप्रेमी मंडळाच्या शेडमध्ये जपून ठेवलंय. "डिझेल फक्त वीज बनवतं गं, चाकं मोटारी फिरवतात," हे त्या कुणालाही सांगतात. मी फार्मसीत काम करते. तिथे खोकल्याचं औषध घ्यायला आलेल्या एका आजोबांनाही त्यांनी ते सांगितलं. आजोबा खोकायचे थांबून ऐकत राहिले.

एकदा कुणीतरी त्यांना त्या इंजिनाचं छोटं मॉडेल भेट दिलं. ताईंनी ते डोळ्यांजवळ धरलं आणि मान हलवली.

"नाक चुकलंय. बाइटच बसत नाही."

जगातली प्रत्येक गोष्ट त्यांच्या लेखी, वरच्या-खालच्या दातांसारखी, एक तर बाइट बसलेली असते, नाही तर बसलेली नसते. झालं, त्यांनी स्वतःच मॉडेल बनवायचं ठरवलं. एकच नाही, लोकांना घरी जोडता येतील अशी किटं.

मग आम्ही गेलो शेडमध्ये. शेड सांभाळणारा ग्रॅहम, निवृत्त फिटर, "कीया ओरा" असा इथला नमस्कार करत पुढे आला आणि ताईंच्या हातातला लगद्याचा गुलाबी गोळा बघून थबकला. रंग निघेल का, त्यानं विचारलं.

"माणसांच्या तोंडात घालतो आम्ही हे," ताई त्याला इंग्रजीत म्हणाल्या. "तुझं इंजिन काय नाजूक आहे?"

ग्रॅहमनं शिडी आणून दिली. ताई वर चढल्या, खिडकीखालच्या गोलाईवर लगदा दाबला आणि इंजिनाला म्हणाल्या, "हलू नकोस हं." साचा अलगद सुटून आला. ग्रॅहम म्हणाला, "स्वीट ॲज," म्हणजे एकदम झकास.

ती गोलाई स्कॅन करून त्यांनी कॉम्प्युटरवर लहान केली, बाकीची मापं ग्रॅहमनं पट्टी धरून दिली. थ्रीडी प्रिंटरवर छापलेलं पहिलं धड वाळताना वाकून केळं झालं. दुसऱ्याच्या जाळीत रंग बसून जाळीची भिंत झाली. तिसरं छापून निघालं ते नाकासकट, रिव्हेटांसकट. ताईंनी ते तळहातावर घेतलं आणि मला सरळ मिठी मारली. हातमोजे चिकट होते, माझा कुडता गेला तो गेलाच.

मग किटं. ताईंच्या डायनिंग टेबलावर दर शनिवारी कारखाना सुरू झाला. मी, हॉस्पिटलात नर्स असलेली सोनल आणि ग्रॅहम. सोनल सुई धरायच्या हातांनी इंजिनात चढताना धरायच्या बारीक दांड्या वाकवायची, मी गोळ्या मोजायच्या सवयीनं स्क्रू पुड्यांत भरायचे, ग्रॅहम चाकं तपासायचा. ताई पोहे वाढत फिरायच्या आणि ओरडायच्या, "बोटं पुसा आधी."

मॉडेलांच्या प्रदर्शनात आमचं लाल इंजिन रुळांवर सुटलं. पहिल्या वळणावर ते जरा अडखळलं. सोनलनं माझा दंड आवळला. मग ते वळलं, डौलात पुढे गेलं, आणि कुंपणापाशी गर्दी झाली. दुपारपर्यंत सगळी किटं संपली. ताई इतक्या खूश होत्या की त्या दिवशी त्यांनी कुणाचेच दात बघितले नाहीत.

त्यानंतरचे शनिवार रिकामे झाले. आम्ही आपापल्या कामांना लागलो. मग एकदा ताईंचा फोन आला. आवाज उतरलेला.

"मीनल, घोटाळा झालाय गं. दाराजवळच्या दांड्या आखूड पडल्यात, सगळ्याच किटांत. नव्या करून लोकांना पोस्टानं पाठवायला लागतील. शनिवारी येशील?"

मी धसकलेच. मी घरी जोडलेलं छोटं इंजिन उचललं आणि थेट शेड गाठली. ग्रॅहमनं मोठ्या इंजिनाची दांडी मोजली, छोटीची मोजली, कागदावर हिशोब केला. तो पुन्हा केला.

"बरोबर आहेत," तो म्हणाला. "अगदी बरोबर."

"मग ताईंना असं का वाटलं?"

तो चष्मा पुसत बसला. पुसता पुसता म्हणाला, "मलाही फोन आला होता. सोनललाही. वैजूची मापं चुकत नाहीत, मीनल."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ताईंना दांड्या नाही, शनिवार कमी पडले होते.

"काय करायचं?" मी विचारलं.

"दांड्या करायच्या. स्पेअर पार्ट कुणाला नको असतात? मी खायला स्कोन आणतो."

शनिवारी आम्ही तिघंही गेलो. टेबलावर नवा कपडा अंथरला होता, बशा मांडून ठेवल्या होत्या. कुणी काही विचारलं नाही. सोनल तार वाकवू लागली, ग्रॅहम मापं घेऊ लागला, आणि ताई चहा ओतताना हळूच म्हणाल्या, "मला ना, छताचीही जरा शंका येतेय."

"येणारच," मी म्हटलं. "ते पुढच्या शनिवारी बघू."