नानांचा फळा

आमचे शेजारी नाना हात धुऊन झाले की साबणाची वडीही धुतात. मग ती पुसून ठेवतात. देवपुरातल्या आमच्या कॉलनीत त्यांच्याइतकं स्वच्छ घर नाही. फाटकाच्या दांड्यासुद्धा ते रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसतात.

नाना मूळचे धरणगावचे, इंग्रजीचे निवृत्त मास्तर. एकटे राहतात. फाटक पुसून झालं की त्यावर एक काळा फळा टांगतात. त्यावर इंग्रजी वाक्प्रचार, त्याचा अर्थ आणि त्याचं मूळ. जाणाऱ्या-येणाऱ्याला आपल्या गावाकडच्या बोलीत एकच सांगतात, "मूळ देख भाऊ, मूळ!"

मी इथल्या एका दैनिकात उपसंपादक आहे. शब्दांच्या मुळांवरच माझं छोटं सदर आहे, आतल्या पानावर. तीन कोश उघडल्याशिवाय मी एक ओळ लिहीत नाही. पण कॉलनीतले लोक थांबतात ते फळ्यापुढे. दूधवाला फोटो काढतो. माझी बायको सुनंदा भाजी आणताना पिशवी खाली ठेवून वाचते.

"माझंही कधी वाचत जा," मी एकदा म्हणालो.

"वाचते की. रद्दी बांधताना."

गेल्या महिन्यात संपादकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "तुमच्या शेजाऱ्यांचा फळा रोज छापू या. तुमचं सदर जरा थांबवू. त्यांना विचारून या."

मी चार दिवस विचारलं नाही. रोज सकाळी गॅलरीतून फळा मात्र वाचत होतो, प्रूफ वाचावं तसा. पाचव्या दिवशी सापडलं.

फळ्यावर होतं : 'स्पिक अँड स्पॅन, म्हणजे एकदम चकाचक. मूळ : एका इंग्रज साहेबाकडे स्पिक आणि स्पॅन हे नवरा-बायको कामाला होते. तो भांडी घासायचा, ती फरशी पुसायची.'

मला फार आनंद झाला. कोश काखेत घेऊन मी नानांची बेल वाजवली. शेजारी असूनही त्यांच्या घरात पाऊल टाकायची ही माझी पहिलीच वेळ.

"नाना, हे मूळ चूक आहे."

"मग बरोबर काय शे, पत्रकारभाऊ?"

"स्पिक म्हणजे खिळा. स्पॅन म्हणजे लाकडाची ताजी ढलपी. नव्या जहाजाचा खिळा न् खिळा, ढलपी न् ढलपी नवी, असा त्याचा अर्थ. स्वच्छतेशी आधी संबंधच नव्हता. मूळ अर्थ नवं कोरं."

"माले माहीत शे," नाना शांतपणे म्हणाले. "बस."

मी बसलो. सोफ्याचं प्लास्टिक करकरलं. दुकानातून आला तेव्हाचं ते अजून काढलेलं नव्हतं.

"माहीत आहे, तर चुकीचं का लिहिलं?"

"वर्गात मी असंच करायचो. फळ्यावर एक चूक मुद्दाम सोडायची. जो ऐकत असेल तो हात वर करतो." ते आत गेले. कपांचा आवाज आला. "इथंही दर आठवड्याला एक सोडतो. दोन वर्षं झाली. लोक फोटो काढतात, इकडे तिकडे पाठवतात. बेल कोणी वाजवली नाही. आज तू ऊना."

आता संपादकांचा निरोप सांगणं भाग होतं. मी सांगितला. सदर माझंच बंद होणार आहे, हेही सांगितलं.

"नही भाऊ," नाना ट्रे घेऊन आले. "पेपरात छापलं तर लोक घरबसल्या वाचतील. फाटकाशी तरी कशाला थांबतील?"

माझं सदर बचावलं होतं. मला जेवढं बरं वाटायला हवं होतं, तेवढं वाटलं नाही.

भिंतीतल्या फडताळात तसेच आणखी चार कप होते, ओळीनं, लखलखीत. "निवृत्त झालो तेव्हा सहा घेतले," नाना म्हणाले. "म्हटलं, वर्गातली पोरं येतील भेटायला." मग स्वतःच हसले. "तू सांगतो तोच अर्थ खरा शे. हे घर स्वच्छ नाही रे. नवं आहे."

मी चहा संपवला. कप उलटा करून पाहिला. बुडाला दुकानाची चिकटपट्टी तशीच होती. ती मी नखानं खरवडून काढली आणि कप पुढे केला.

"अर्धा आणखी द्या, नाना."