संत्र्याचा बाप कोण?

गजभिये मॅडमसमोर कुणी कंस उघडा ठेवला की शिकवणं तिथंच थांबतं. खडू टेबलावर, हात कमरेवर. "उघडला ना? मंग बंद कोन करन, तुहा मामा?" प्रोग्राममधल्या कंसाचा हा नियम त्या बाहेरही लावतात. कपाट, नळ, फाटक, उघडं दिसलं की बंद. बोलता बोलता मी विषय बदलला तर मलाही अडवतात, "भाऊ, आधी पह्यलं वाक्य संपवा."

पांढुर्ण्यात बाजारामागच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये मी हिशोबाचं टॅली शिकवतो, मॅडम प्रोग्रामिंगची जावा भाषा. तीही आमच्या बोलीत! जावातला क्लास म्हणजे संत्र्याचा वाण, ऑब्जेक्ट म्हणजे वावरात लावलेलं एकेक झाड. प्रायव्हेट म्हणजे घरातली भानगड. बाहेरच्यानं हात लावायचा नाही, काय ते दारातून विचारायचं.

एकदा इन्हेरिटन्सच्या, म्हणजे वारशाच्या धड्यात मोहगावच्या पूजानं फळ्यावर लिहिलं, संत्रा हा जंबेरीचा वारसदार. सगळ्यांना पटलं. आमच्याकडे संत्र्याचा डोळा, म्हणजे कलमाचा अंकुर, जंबेरी या रानलिंबाच्या रोपावरच बांधतात ना! मॅडम हसल्या. "चूक हाये, पन आपल्या गावची चूक हाये! मूळ जंबेरीचं, पन फळ कोनाचं लागते? ज्या झाडाचा डोळा घेतला त्याचं. तोच बाप. जंबेरी तं आत ठेवलेली वस्तू." इन्हेरिटन्स मलासुद्धा कळलं, आणि मी पडलो टॅलीवाला.

नेमके तेव्हाच क्लासचे मालक दारात उभे. "मॅडम, इंटरव्यूत कोनी संत्रा विचारनार हाये का? सोमवारपासून इंग्लिशमधे शिकवा, किताबीतून. नाही तं मी दुसरा टीचर पाहतो."

"पाहा," मॅडम म्हणाल्या. "मी माह्या घरी शिकवीन."

चहाच्या टपरीवर मी त्यांची समजूत घालायला गेलो. म्हटलं, कशाला हातची नोकरी घालवता? मला वाटलं, आता माझीच हजामत होणार. पण त्या हळू आवाजात बोलल्या.

"भाऊ, कॉलेजात सर विचारत, एनी डाउट? सारा वर्ग गप, मीबी गप. मले काहीच समजून नाही राहिलं होतं. वाटे, आपलंच डोस्कं खराब. होस्टेलात कोनासंग बोलली नाही मी. रट्टा मारून पास झाली, पन रोज भेव वाटे, आपली चोरी आज पकडते कोनी."

चहा निवून गेला होता, मी दुसरा सांगितला.

सोमवारी त्यांच्या अंगणात फळा टांगलेला होता. मॅडम फाटकाकडे पाहत नाही असं दाखवत होत्या, म्हणजे सारख्या पाहत होत्या. आली बिचारी पाच-सहा पोरं. बस उशिरा आली म्हणून पूजा सगळ्यांच्या शेवटी. मॅडमनं तिला दोन शब्द सुनावले आणि नवा धडा घेतला.

"समजलं का?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. पूजा घुटमळली. "नाही समजलं, मॅडम."

इतक्या खूश झालेल्या गजभिये मॅडम मी कधी पाहिल्या नव्हत्या. "सरक जराशी," त्या म्हणाल्या आणि चटईवर तिच्या शेजारी जाऊन बसल्या.