तानूबाईला नारळ मिळतो

एका जंगलात मंदी आली. कुठून आली ते विचारू नका, बाळांनो. मधाच्या कारखान्याचे मालक अस्वलशेठ "आली" म्हणाले, म्हणजे आलीच.

त्या जंगलात रीत अशी, की कुणाला कामावरून काढलं की त्याच्या हातात नारळ द्यायचा आणि टाळ्या वाजवायच्या. मधाची मडकी वाहणारा रानडुक्कर भागोजी असाच नारळ घेऊन घरी आला आणि चिखलात आडवा झाला.

त्याची बायको तानूबाई. पिल्लं तिनेच सांभाळायची, ओढ्यावरून पाणी तिनेच आणायचं. आता पगाराचे कंद बंद झाले, म्हणून ते उकरायलाही तीच. शिवाय भागोजी दिवसभर घरी, आणि घरी बसलं की त्याला फार भूक लागे.

"अहो, सगळ्यांच्या कामात मंदी, मग माझ्याच कामात तेजी कशी?"

भागोजीने कूस बदलली.

तानूबाई थेट कारखान्यात गेली. "शेठ, मलाही नारळ द्या. मला जरा बसायचंय."

"बाई, तू कामावर होतीस कुठं?"

"तुमचे कामगार रोज जेवूनखाऊन ताजेतवाने येतात. ते कोण करतं?"

"ती माया झाली. तिला काम म्हणत नाहीत."

"मग मायेवरून काढा."

मॅनेजर कोल्हा शेठच्या कानाला लागला. "देऊन टाका. कपातीचा आकडा तेवढाच वाढेल."

"आणि वाचेल किती?"

"छदामही नाही. पण अहवाल छान दिसेल."

शेठना ते पटलं. नारळ दिला, टाळ्याही वाजवल्या.

तानूबाई जांभळीखाली पाय पसरून बसली. काय ते सुख, बाळांनो. ते बघून माकडीण नारळ मागायला गेली, मग साळिंदराची बायको गेली. कोल्हा खुशीत नारळ वाटत सुटला.

दोन दिवसांत कारखान्यात चिटपाखरू उरलं नाही. माकड पोरं खेळवत होतं. साळिंदर पाणी भरत होतं. कोल्हा घरी चूल फुंकत होता, कारण कोल्हीणही नारळ घेऊन गेली होती.

शेठ धावत जांभळीखाली आले. "तानूबाई, मंदी संपली. घरी जा, कामाला लागा."

"पगार?"

"मायेला कसला पगार?"

"मग शेठ, मायेत अजून मंदीच आहे."

तेवढ्यात भागोजी पाण्याची घागर घेऊन धापा टाकत आला. त्याने बायकोच्या बोलण्याला मान डोलावली, लग्नानंतर पहिल्यांदाच. शेठ खाली बसले आणि दोघांच्याही पगाराचं बोलू लागले.

तात्पर्य: आळस हा शत्रू आहे, असं शेठ शिकवतात. शत्रू आहे खरा. फक्त कोणाचा, ते शेठ सांगत नाहीत. म्हणून बाळांनो, अधूनमधून पाय पसरून बसावं.