जीपला होडीचं इंजिन

प्रीतमचा डोंबिवलीहून फोन आला तेव्हा गंगाराम घरापुढच्या खळ्यात जीपला टेकून उभा होता, मयताला आल्यासारखा. जीप तशी मेलेलीच होती. शिमग्यात कसालच्या चढावर तिच्या इंजिनाने शेवटचा आचका दिला आणि असा काळा धूर ओकला की मागचा रिक्षावाला वणवा लागला समजून उतरून पळाला.

"बाबा, शेवटचा सांगतंय," प्रीतम म्हणाला. "गेल्या पावसात आयेक चक्कर इली तेव्हा एक गाडी गावली नाय. तुमची जीप ओरोसच्या आरटीओत पास झाली तर खुशाल रवा गावात. नाय झाली तर पावसाआधी दोघांनी हंय येवचा. मी खोली रिकामी केलंय."

"नाय होवची रे पास," गंगाराम म्हणाला. "माजा काय कदी पास झालाहा?"

त्याचा स्वभावच तसा. ऊन पडलं की म्हणायचा विहीर आटणार, ढग आले की म्हणायचा कौलं उडणार. पण या वेळचं दुःख खरं होतं. डोंबिवलीत सातवा मजला. तिथं खळं नाही, खाडी नाही, कुंपणावरून हाक मारायला शेजारीण नाही. आपलं जाऊ दे, पण सुशीला तिथं चार दिवस तरी जगेल काय? बायकोसाठी तरी जीप उठवायलाच हवी होती.

ओरोसच्या साहेबांनी आधीच बजावलं होतं. "आजोबा, इंजिन बदलायची परवानगी देतो. पण त्याच कंपनीचं, डिझेलचंच, कागदांसकट पाहिजे. आणि पीयूसीत धूर जास्त दिसला तर इथवर येऊच नका."

एवढ्या जुन्या जीपचं इंजिन कुडाळात मिळेना, कणकवलीत मिळेना. मिळालं ते मालवणच्या बंदरावर. होड्यांची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या तय्यबने एका मोडीतल्या होडीच्या पोटातून ते उपसून काढलं.

"काका, ह्या पयला जीपमदीच होता," तय्यब म्हणाला. "मगे होडयेत नांदाक गेला. आता परत माहेराक इला. कागद आसत माज्याकडे."

"माहेराक येणारा बरा आसान येता काय कदी?" गंगाराम म्हणाला.

तय्यबने इंजिन बसवलं आणि किल्ली फिरवली. टक टक टक टक. आवाज ऐकून खाडीकाठची सगळी मांजरं खळ्यात येऊन बसली. होडी आली, म्हणजे मासे आले. मासे नाहीत म्हटल्यावर ती गंगारामकडे अशी बघायला लागली की त्याला आणखीनच वाईट वाटलं.

"तय्यबा, धूर येता रे."

"येवंदे. होडयेत आमी धुराक पाण्यातसून काडतंव. धुवान बाहेर येता."

तय्यबची सगळी हयात पाण्यावर गेलेली. त्याने जीपच्या मागे एक निळं पिंप बांधलं, पाण्याने भरलं आणि धुराची नळी त्यातून फिरवली. धूर खरंच न्हाऊनधुऊन बाहेर पडला. तय्यब खूश झाला.

मालवणच्या पीयूसीवाल्या धनेशने आपल्या मशीनची नळी पिंपाच्या तोंडात सरकवली आणि म्हणाला, "काका, मारा रेस."

गंगारामने पाय दाबला. पिंप गुडगुडलं, पाणी उसळलं आणि नळीतून थेट मशीनच्या पोटात गेलं. पडद्यावर दोनचार आकडे तडफडले आणि काळोख झाला.

"ओ काका! काय केलास ह्या? मशीन बुडली!"

"बुडतलीच," गंगाराम शांतपणे म्हणाला.

"रस्त्यार मशीन बुडवलास?" रांगेतला एक रिक्षावाला ओरडला. "थांबा, कोस्टगार्डाक फोन करतंय!"

"नळी वर धरूची होती," तय्यब धनेशवरच उखडला. "पाणी शिरला म्हणान पाण्याक गाळी घालतत काय?"

मशीन वाळेपर्यंत तिथल्या रिक्षांना पीयूसी मिळेना. बाजारात गेला की गंगारामला चहासुद्धा कुणी विचारीना. इकडे समुद्रावर ढग जमायला लागले. शेवटी तय्यबने पिंप सोडून फेकलं, पुटपुटत नोझल खोलले, डिझेलचा पंप उतरवला, साफ केला, पुन्हा पुन्हा बसवून बघितला. धूर हळूहळू विरळ झाला आणि मग दिसेनासाच झाला.

ओरोसच्या पीयूसीवर गंगाराम डोळे मिटून उभा राहिला.

"झाली पास," मशीनवाला म्हणाला.

"परत बगा. खंयतरी चूक झाली आसतली."

त्याने परत बघितलं. परत पास.

मग आरटीओत साहेब इंजिनाचा नंबर बघायला वाकले. नंबर दिसेना. बंदरावर दर नारळी पुनवेआधी होडीला रंग देतात आणि ब्रश हातात असला की आतलं इंजिनही सुटत नाही. साहेब किल्लीने खरवडायला लागले. हिरवा गेला, निळा आला. निळा गेला, भगवा आला.

"अहो, हे इंजिन आहे की देवळाचा खांब?"

गंगारामने हात जोडले. सगळ्यात खाली, लाल रंगाच्या आत, आकडे निघाले. कागदाशी जुळले.

"जा आजोबा, पाच वर्षं काळजी नाही."

गंगारामला सुचेचना. जन्मभर काळजीच केलेली, ती काढून घेतल्यावर माणसाने करायचं काय? तो टक टक करत घरी आला. सुशीला ओटीवर बसली होती. नवं लुगडं नेसलेली, बाजूला बांधून ठेवलेली दोन बोचकी.

"सोड ती बोचकी!" तो खळ्यातूनच ओरडला. "पास झाली! आता खंय जावची गरज नाय!"

सुशीलाने बोचक्याच्या गाठीला हात लावला. पण ती काही सोडली नाही.

"माका वाटला नापास होतली," ती म्हणाली.

"माका पण तसाच वाटला."

"तसा न्हय." तिने पदराने तोंड पुसलं. "थंय सृष्टी आसा. नातीक मी फोनारच बगतंय. हंय चार म्हयने पाऊस, आणि पावसात तुमचा तोंड. माका हंयच रवाचा आसा म्हणान मी कदी बोललंय?"

गंगारामने आठवून बघितलं. ती बोलली नव्हती. त्याने विचारलंही नव्हतं.

"जल्मभर हात लावलास ता सगळा बिघडवलास," सुशीला म्हणाली. "ह्याच एक बरा कशाक केलास?"

गंगाराम पुढे झाला, एक बोचकं उचललं आणि जीपच्या मागच्या सीटवर ठेवलं.

"चल तर. हेच्यातसून जावया."

सुशीलाने जीपकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "डोंबिवलीक? ही पोचतली?"

"पोचतली," गंगाराम म्हणाला. जन्मात पहिल्यांदाच काहीतरी चांगलं होईल असं तो बोलला, आणि बोलता बोलता त्याला रडू फुटलं.