गुरुवारी राऊळ बुडाला

मालवणच्या माणसाला पोहायला शिकवावं लागत नाही. हे वाक्य मी बोरीवलीत राहायला आल्यापासून बारा वर्षं ऐकवत आलो होतो. अकराव्या वर्षी भर भरतीला आचऱ्याची खाडी पोहून पार केली, तीही एका हातात चपला उंच धरून, हे आमच्या सोसायटीत लहान पोरालाही पाठ होतं. चपलांचा तपशील मी नंतर घातला. खाडीसुद्धा नंतरच घातली. खरं सांगायचं तर सातव्या वर्षी मी देवळाच्या तळीत पडलो होतो आणि गुरवाने मला केसांना धरून वर काढलं होतं. तेव्हापासून मी आंघोळीच्या बादलीतही फार वाकून बघत नाही.

पण खोटं एकट्याने बोलायचं असतं. आमच्याकडे स्पर्धा होती. सोसायटीचा सेक्रेटरी श्यामकांत राऊळ हा देवगडचा, आणि त्यानेही लहानपणी एक खाडी पार केलेली. माझ्या खाडीला भरती आली की त्याच्या खाडीत भोवरा यायचा. माझ्या हातात चपला, तर त्याच्या पाठीवर बकरी. बारा वर्षांत आमच्या दोन्ही खाड्या पार समुद्राएवढ्या झाल्या होत्या.

एकोणनव्वद साली गोराईच्या बाजूला एक वॉटर पार्क निघालं आणि सोसायटीने रविवारची सहल ठरवली. तिथवर ठीक होतं. पण खालच्या फळ्यावर कोणीतरी खडूने लिहून टाकलं: 'सकाळी ११ वाजता मोठ्या तलावात श्री. तावडे विरुद्ध श्री. राऊळ.' ते श्री. तावडे म्हणजे मी, जयवंत तावडे.

माझी मुलगी शकु तेव्हा नऊ वर्षांची. तिने फळा वाचला आणि चारही मजल्यांवर फिरून सांगून आली की माझे बाबा जिंकणार आणि नंतर मला पाठीवर घेऊन पोहणार.

"बाबा, जिंकणार ना?" ती रात्री जेवताना म्हणाली.

"विचारतेस काय?" मी म्हणालो आणि ठसका लागला म्हणून पाणी प्यायलो. तेसुद्धा नाकात गेलं.

सोसायटी हसली असती तर मी सहन केलं असतं. शकुचं तोंड उतरलेलं मला बघवलं नसतं. तेव्हा मी बेत केला. गुरुवारी ऑफिसला दांडी मारायची, घरी कोणाला सांगायचं नाही, एकट्याने वॉटर पार्कला जायचं आणि दिवसभरात पोहायला शिकून यायचं. पोहणं म्हणजे हातपाय मारणं. हात आणि पाय दोन्ही माझ्याकडे होते.

बायकोने, मालनने, नेहमीसारखा डबा दिला. ऑफिसच्या बॅगेत मी आधीच टॉवेल कोंबला होता. चपला घालतोय तोवर आई दाराशी आली. तिच्या हातात हळदकुंकू लावलेला नारळ होता.

"खाडी वलांडतलंस मां?" ती हळूच म्हणाली. "मगे ह्यो नारळ खाडयेक दी. गाऱ्हाणा घालूक इसरू नको."

आई टॉवेल बघते आणि काही विचारत नाही. मी नारळ बॅगेत ठेवला.

आता कोकणातल्या माणसाने पाण्याला नारळ दिल्याशिवाय पाण्यात पाय घालायचा नाही, हे मला मान्य होतं. पण गोराईची होडी अशी डुलत होती की मी दोन्ही हातांनी फळी धरून बसलो. समोरची कोळीण म्हणाली, "दादा, फळी सोडा, ती पळत नाय." मी सोडली नाही. नारळ काढायला तिसरा हात नव्हता, त्यामुळे तो माझ्याबरोबर पलीकडे आला.

वॉटर पार्कच्या दारात अंबादास नावाचा एक कारकून वही घेऊन बसला होता. नाव, माणसं किती, फोन नंबर.

"किती जण?"

"एक."

त्याने मान वर केली. "एकटेच? पोरंबाळं नाहीत?"

"आजारी आहेत," मी म्हणालो. पोरंबाळं आजारी असताना हा घसरगुंड्या खेळायला आलाय, असं त्याच्या चेहऱ्यावर उमटलेलं मला दिसलं. मी घाबरलो. खरं नाव लिहिलं आणि रविवारी यानेच वही उघडली तर? हाताला जे पहिलं नाव आलं ते मी खरडलं: श्यामकांत राऊळ. फोनही राऊळचाच. आमच्या सोसायटीत फोन एकच होता, त्याच्याकडे, आणि आम्ही बत्तीस बिऱ्हाडं तोच नंबर जगाला पी.पी. म्हणून देत होतो. दुसरा कुठला नंबर मला पाठच नव्हता.

आत गेलो. मोठा तलाव निळा होता आणि त्यात वरून एक भली उंच घसरगुंडी उतरत होती. चाळीसेक माणसं असतील, मालाडच्या कुठल्याशा महिला मंडळाच्या बायका आणि दोन-तीन कुटुंबं. मी भाड्याची लाल चड्डी चढवली आणि मागच्या बाजूला, कोणी बघत नाही अशा कोपऱ्यात नारळ घेऊन उभा राहिलो. पाणी ते पाणी, खाडीचं काय आणि तलावाचं काय.

"बा देवा म्हाराजा," मी पुटपुटलो, "आज तुज्या पायाशी इलंय. रविवारपर्यंत हातपाय हलान्दे, पोरीसमोर लाज राख, आणि त्या राऊळाचा काय ता तू बघून घे रे म्हाराजा." साथीला कोणी नव्हतं, म्हणून मीच "व्हय म्हाराजा" म्हणालो आणि नारळ पाण्यात सोडला.

शेवटचं वाक्य घालायला नको होतं, असं मला आजही वाटतं.

नारळ गेला, मीही गेलो. मोठ्या तलावात एकदम उतरणं बरं नव्हे म्हणून मी पलीकडे भिंतीआड असलेल्या बाळगोपाळांच्या तलावात गेलो. तिथे पाणी गुडघ्याएवढं. मी नाक धरून तोंड बुडवायचा सराव सुरू केला. एक तीन वर्षांची मुलगी मला उत्तेजन देत होती. मी सहाव्या बुडीला पाचपर्यंत आकडे मोजले आणि मला स्वतःचा अभिमान वाटला.

तेवढ्यात शिट्ट्या वाजल्या. "बाहेर! सगळे बाहेर!"

झालं होतं ते असं. महिला मंडळाच्या बायकांना घसरगुंडीच्या पायथ्याशी एक केसाळ डोकं वर-खाली होताना दिसलं. ते दोनदा वर आलं आणि तिसऱ्यांदा आलंच नाही. बाळा नावाचा लाइफगार्ड, गोराईचाच कोळी, कपड्यांसकट आत उडी मारून गेला. हाताला काही लागेना. घसरगुंडीच्या धारेखाली पाण्याला फेस आलेला, तळ दिसत नव्हता.

आम्ही सगळे काठावर ओळीने उभे राहिलो. मी मोठ्या तलावात उतरलो असतो तर? देवाने मला वाचवलं आणि दुसऱ्या कोणाला तरी नेलं, असं मनात आलं आणि माझे डोळे भरून आले. नारळाचा विचार माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही.

मॅनेजरने हजेरी घेतली. प्रत्येक गटाने आपापली माणसं मोजली. सगळी भरली. मग लाउडस्पीकर खरखरला. "एकटे आलेले श्री. श्यामकांत राऊळ, बोरीवली, असतील तिथून ऑफिसात यावं."

राऊळ? इथे? मी पटकन एका जाड बाईंच्या मागे लपलो. म्हणजे हाही चोरून आला होता! तीनदा पुकारा झाला. कोणी पुढे आलं नाही. आणि मग माझ्या लक्षात आलं. राऊळ बुडाला होता. तासाभरापूर्वी मीच देवाला सांगितलं होतं, त्याचं काय ते बघून घे.

ज्यांना खोटं बोलायची सवय असते त्यांना आपलं खोटं लक्षात राहतं. मला दिवसाला एकच झेपतं, आणि ते मी सकाळी वहीत लिहून विसरूनही गेलो होतो.

मी रडत ऑफिसात शिरलो. "साहेब, तो माझा शेजारी. बारा वर्षांचा शेजार. आमच्या सगळ्यांचे फोन घ्यायचा हो, रात्री-अपरात्री जिने चढून निरोप द्यायचा. आणि पोहणारा कसला! पाठीवर बकरी घेऊन खाडी पार केलेला माणूस."

मॅनेजर घामाघूम झाला होता. अंबादास माझ्याकडे बघत होता, पण लाल चड्डीतल्या रडक्या माणसाची त्याला ओळख पटली नसावी. मॅनेजरने फोन माझ्यापुढे सरकवला. "तुम्ही ओळखीचे आहात, तुम्हीच घरी कळवा. मग पोलिसांना सांगतो."

मी नंबर फिरवला.

"हॅलो," पलीकडून पुरुषाचा आवाज आला.

"वहिनींना द्या. वाईट बातमी आहे."

"ती खाली भाजीला गेलीय. कोण बोलतंय?"

"मी तावडे. शेजारचा. आपण कोण?"

"अरे मी राऊळ. काय झालं?"

"राऊळ बुडाला," मी हुंदका देऊन म्हणालो.

"कुठला राऊळ?"

"आपला. सेक्रेटरी."

पलीकडे भांडं वाजलं. "तावडे, मी जेवतोय रे. दुपारची पाळी आहे माझी. कुठून बोलतोयस तू?"

सकाळची वही डोळ्यांपुढे आली, आणि तिच्यात माझंच अक्षर.

"साहेब," मी फोन ठेवून म्हणालो, "राऊळ जिवंत आहे. राऊळ मीच आहे."

"आत्ता तुम्ही त्याच्यासाठी रडलात."

"तो मी तावडे म्हणून रडलो."

मॅनेजरने डोकं धरलं. त्याचं म्हणणं सरळ होतं: वहीत राऊळ आत आला आहे, तेव्हा राऊळ जिवंत दाखवा, नाहीतर मी पोलिसांना बोलावतो. पुन्हा फोन केला. मी राऊळला इतकंच म्हणालो, "वॉटर पार्कला ये. तू जिवंत आहेस हे दाखवायचंय. कोणाला सांगू नकोस."

मला वाटलं होतं तो शिव्या घालेल. तो फक्त "कोणाला सांगू नको म्हणजे काय," असं काहीतरी पुटपुटला आणि तासाभरात हजर झाला. गॉगल लावून, रुमालाने अर्धं तोंड बांधून. तोवर तलाव अर्धा उपसून झाला होता. राऊळ ऑफिसात पाऊल टाकतो न टाकतो तोच अंबादास खुर्चीतून उठला.

"या तावडे साहेब! मंगळवारीही असाच रुमाल बांधून आलात, आणि तुमचा टॉवेल राहिला की इथे."

अंबादासने दोन पानं मागे उलटून वही दाखवली. मंगळवार. माणसं: एक. नाव: जयवंत तावडे. फोन: राऊळचाच.

मी राऊळकडे बघितलं. राऊळ छताच्या पंख्याकडे बघत होता.

"बकरी?" मी विचारलं.

"चपला?" तो म्हणाला.

त्याच वेळी बाळा आत आला. हातात नारळ, शेंडीवरून पाणी गळतंय, कुंकू धुऊन गेलेलं पण हळद शाबूत. "जाळीत अडकला होता. देवाचा आहे. कोणी दिला?"

परतीच्या होडीत आम्ही दोघे फळी धरून शेजारी शेजारी बसलो. मध्ये खाडीत मी एक हात सोडला, राऊळने माझा दंड धरला, आणि मी नारळ पाण्यात टाकला. गाऱ्हाणं राऊळने घातलं: ह्या कुणाक कळूक नको रे म्हाराजा. आम्ही दोघेही "व्हय म्हाराजा" म्हणालो. शर्यतीचं काय करायचं तेही ठरलं. दोघांच्याही कमरेत एकाच वेळी उसण भरणार होती.

देवाने नारळ घेतला, पण अंबादासचा बंदोबस्त करायला तो विसरला. रविवारी सोसायटीची बेचाळीस माणसं दारात उभी. अंबादास आम्हाला बघून खुलला.

"या राऊळ साहेब, आज बुडायचं नाही हं," तो मला म्हणाला. मग राऊळकडे वळला. "तावडे साहेब, ते तोंड बुडवून पाचपर्यंत मोजणं जमलं का शेवटी?"

बेचाळीस माणसांनी आधी मला बघितलं, मग राऊळला, मग पुन्हा मला. कोणीतरी हसलं आणि मग सगळेच हसले. मला ते ऐकू येत नव्हतं. मी शकुकडे बघायचं टाळत होतो.

तिने माझं बोट धरलं. "आजीने मला कधीच सांगितलंय तळीचं," ती म्हणाली. "चला बाबा, छोट्या तलावात. तिथे पाय टेकतात."

तिने मला हाताला धरून गुडघाभर पाण्यात उतरवलं. पाय टेकले. जरा सरकून बसायला जागा मागावी लागली, कारण राऊळ आधीच येऊन बसला होता.