विहीणबाईंची छत्री

"महिन्याचं नाही मिळणार सर, वर्षाचंच घ्यावं लागेल," फोनवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली आणि धन्यकुमार मगदुमांनी थकून फोन खाली ठेवला.

सकाळपासून जेवढ्या कंपन्यांना फोन केला तेवढ्यांनी हेच ऐकवलं होतं. फ्रेंच भाषेतला टीव्ही? मिळेल की. पण वर्षाचा करार, सोबत नको असलेली चाळीस चॅनेलं गळ्यात, आणि मध्येच बंद करायचं म्हटलं तर पुन्हा अर्ज-विनंत्या. विहीणबाई येणार होत्या महिन्यासाठी. त्या गेल्यावर उरलेलं वर्षभर फ्रेंच ऐकत बसायची धन्यकुमारांची तयारी नव्हती. साखर कारखान्यात उभी हयात सह्या करण्यात गेली होती, आणि निवृत्तीनंतर शक्य तोवर कशावरही सही करायची नाही एवढं एकच सुख त्यांनी स्वतःसाठी राखून ठेवलं होतं.

विहीणबाई म्हणजे ओदिल. धन्यकुमारांचा मुलगा जिनेश फ्रान्समध्ये नोकरीला, आणि तिथंच त्यानं ओदिलबाईंच्या मुलीशी कचेरीत जाऊन लग्न केलं. सांगलीत, विश्रामबागेतल्या घरी, धन्यकुमार आणि गुणमालानं ते मोबाईलवर बघितलं आणि अक्षता मोबाईलवरच टाकल्या. विहिणीचा मान राहिला तो राहिलाच. गुणमालाला ते फार लागलं होतं. आता चार वर्षांनी जिनेश बायकोला आणि सासूला घेऊन येत होता. दोघं नवराबायको ऑफिसच्या कामासाठी पुढं बंगळूरला जाणार आणि ओदिलबाई महिनाभर मगदुमांकडे राहणार होत्या.

"अप्पा, आईंना संध्याकाळी त्यांच्या भाषेतलं काहीतरी बघायची सवय आहे," जिनेशनं सांगितलं होतं. "मोबाईलवर ते तिकडं दिसत नाही. तेवढी सोय बघा."

दुसऱ्या एखाद्या घरात हे निभावून गेलं असतं. मगदुमांच्या घरात मात्र दिवस मावळायच्या आत जेवणं होत. पिढ्यान् पिढ्यांचा नेम होता. म्हणजे सहाला ताटं उचलली की झोपेपर्यंत पाहुणीनं करायचं काय? गप्पा माराव्यात तर गुणमालाला मराठी आणि माहेरची थोडी कानडी, बाईंना फ्रेंच. बाई कंटाळल्या तर पुन्हा येणार नाहीत, आणि त्या आल्या नाहीत तर हळूहळू जिनेशचं येणंही थांबेल, ही भीती धन्यकुमारांनी कुणाला बोलून दाखवली नव्हती. पण तिनं त्यांची झोप उडवली होती.

शेवटी शेजारच्या जयराजनं साताऱ्याच्या धनाजी शिंद्यांचा नंबर दिला. शिंदे लष्करात सिग्नलला होते. एका बंद पडलेल्या केबलवाल्याची जुनी, जाळीची मोठी छत्री त्यांनी उचलली होती आणि ती महिन्याच्या बोलीनं ते लावून देत. आभाळातून जे फुकट येतं ते या छत्रीत येतं, असं त्यांचं म्हणणं.

"कागद न्हाई, सही न्हाई, काय न्हाई," शिंदे फोनवर म्हणाले. "महिना झाला की उचलून न्हेतो. फौजी का वचन हाय साहेब."

धन्यकुमारांना हा माणूस एकदम आवडून गेला.

छत्री टेम्पोतून आली तेव्हा गल्लीला वाटलं मगदुमांकडे मांडव पडतोय. गच्चीवर तिला मानवेल असा एकच कोपरा होता, आणि तिथं घरची छोटी छत्री आधीच बसलेली होती. शिंद्यांनी ती काढून जिन्याखाली ठेवली. गुणमालाची रोजची मालिका त्याबरोबर गेली, आणि तीही त्यातली सून घर सोडून निघाली होती त्याच दिवशी. मग दिवसभर शिंदे गच्चीवर, धन्यकुमार टीव्हीसमोर आणि मध्ये जिन्यात निरोप पोचवायला गुणमाला, अशी कवायत चालली.

"काय दिसतंय म्हणून इचारत्यात."

"चिनी कुस्ती."

"आता?"

"कुठलं तरी वाळवंट. पाऊस न्हाई म्हणतोय बहुतेक."

दिवस कलता कलता फ्रेंच लागलं. पांढरी टोपी घातलेला एक आचारी कढईत लोणी सोडून काहीतरी परतत होता. गुणमाला कौतुकानं पुढं सरकली आणि तिथंच थबकली.

"आवं, त्या गोगलगाई हायत."

धन्यकुमारांनी चष्मा पुसून बघितलं. गोगलगाईच होत्या, शंखासकट. गुणमालानं आधी देवघराचं दार ओढून घेतलं आणि मग टीव्ही बंद केला.

"विहीणबाईंसमोर हे लागलं तर वं?"

"तवा तू आत जा," धन्यकुमार म्हणाले. त्यांच्यात याहून जास्त बोलायची ताकद उरली नव्हती.

सगळं इथंच थांबलं असतं तर ही गोष्ट सांगायचं कारण नव्हतं. पण पाहुणे यायचे म्हणून गुणमालानं घरातल्या यच्चयावत गोधड्या धुवायला काढल्या. वाळत घालायच्या कुठं? गच्चीची अर्धी जागा छत्रीनं अडवलेली. मग छत्रीवरच घातल्या. ओल्या गोधडीचं वजन ज्यानं उचललंय त्यालाच ठाऊक. संध्याकाळी छत्रीची मान वाकली होती आणि टीव्हीवर नुसत्या मुंग्या होत्या.

धन्यकुमारांनी साताऱ्याला फोन लावला. शिंदे भाचीच्या लग्नाला पाटणला गेले होते. मागं सनई वाजत होती.

"काय न्हाई साहेब, दोन डिग्री हललं आसंल. लगीन उरकलं, पूजा झाली की येतोच."

पूजा झाली, मग जावई पहिल्यांदा आला म्हणून जेवणावळ झाली, आणि पाहुणे यायच्या आदल्या दिवशी शिंदे पाना घेऊन गच्चीवर चढले. त्यांनी छत्रीला हात लावला मात्र, छत्रीच्या दांड्यावरून फडफडत एक होला उडाला. दांड्याच्या बेचक्यात चार काटक्यांचं घरटं होतं आणि त्यात दोन पांढरी अंडी.

"हात काढा," मागून गुणमाला म्हणाली.

"म्याडम, फक्त दोन डिग्री. तिला कळणार बी न्हाई."

"बाळंतिणीची खाट कुणी फिरवली तर तिला कळत न्हाई व्हय?"

शिंद्यांनी आधाराला धन्यकुमारांकडे बघितलं. धन्यकुमारांनी धीर केला. "अगं, विहीणबाई उद्या यायच्यात. त्यांच्या मानाचा प्रश्न हाय."

"त्यो मान मलाच करायचाय, तुमाला न्हाई," गुणमाला म्हणाली. "चार वर्सं मनात धरून बसलीय मी. म्हणून काय दोन जीव घालवू?" शिंद्यांनी पाना खिशात घातला. मगदुमांच्या घरात या प्रश्नापुढं कुणाचं काही चालत नसे, आणि शिंद्यांचंही चाललं नाही. चहा घेऊन ते साताऱ्याला गेले.

दुसऱ्या दिवशी ओदिलबाई आल्या. उंच, पांढऱ्या केसांच्या, हसऱ्या. गुणमालानं औक्षण केलं, ओटी भरली. मुलगा आणि सून पुढच्या गाडीनं बंगळूरला गेले. ऊन गच्चीवर असतानाच ताटं वाढली गेली. जिनेशनं आधी सांगून ठेवलं होतं, तरी बाईंनी जेवताना दोनदा घड्याळ बघितलं.

मग तो क्षण आला. बाई हॉलमध्ये बसल्या आणि धन्यकुमारांनी, निदान काहीतरी लागेल या आशेनं, टीव्ही लावला. मुंग्या. बाई हाताची घडी घालून, मान जरा तिरकी करून बघत राहिल्या. बऱ्याच वेळानं त्यांनी धन्यकुमारांकडे वळून कौतुकानं काहीतरी विचारलं. त्यांतला 'हिमालया' एवढा एकच शब्द त्यांना कळला. बर्फ पडतंय अशी बाईंची समजूत झाली होती.

धन्यकुमारांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी बॅटरी घेतली आणि बाईंना गच्चीवर नेलं. टीव्ही का नाही ते त्यांना फ्रेंचमध्ये सांगता येत नव्हतं, पण दाखवता येत होतं. आधी छत्री दाखवली, मग गोधडी, मग हातानं छत्री वाकल्याचा अभिनय केला आणि शेवटी ओंजळीआडून बॅटरीचा मंद उजेड घरट्यावर धरला. होला डोळे मिटून बसला होता.

बाईंनी तोंडावर हात ठेवला. मग त्यांनी तिथली उलटी बादली ओढली आणि तिच्यावर बसल्या. थोड्या वेळानं गुणमाला वर आली, ती बाईंसाठी खुर्ची आणि शाल घेऊनच. बादलीवर ती स्वतः बसली.

त्यानंतर रोज जेवणं झाली की दोघी विहिणी गच्चीवर. एक फ्रेंचमधून बोले, एक मराठीतून, आणि दोघींचं सारखंच हसणं खाली ऐकू येई. खाली धन्यकुमार बंद टीव्हीसमोर एकटे बसून असत. ना बातम्या, ना क्रिकेट. पिल्लं बाहेर आली तेव्हा गुणमालानं शिरा केला आणि बाईंनी तिचा मुका घेतला. धन्यकुमारांनी नजर दुसरीकडे वळवली. पिल्लं उडाली, बाईही डोळे पुसत गेल्या, आणि ठरल्याप्रमाणे शिंदे टेम्पो घेऊन हजर झाले.

"साहेब, येक अडचण हाय," ते गच्चीवरून ओरडले. "तिनं पुन्यांदा घातल्यात."

गुणमाला चहा ठेवायला आत गेली. शिंदे चहा पिऊन, रिकामा टेम्पो घेऊन गेले.

आणि मग फ्रान्सहून जिनेशचा फोन आला. आईंना तेवढा होला दाखवाल का? एकदा दाखवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. तेव्हापासून रोज दुपार कलली की धन्यकुमार गुडघे धरत गच्चीवर चढत आणि हात अवघडेपर्यंत मोबाईल घरट्यासमोर धरून उभे राहत. तिकडून बाई जवळ, लांब, वर अशा खुणा करत. दिवाळीची तिकिटं काढल्याचं जिनेशनं सांगितलं ते असंच उभ्या-उभ्या. धन्यकुमारांचे डोळे भरून आले, पण पुसायला हात मोकळा नव्हता.

परवा त्यांची कंबर धरली. ते पलंगावर पडून राहिले आणि वेळ टळून गेली. लगेच फोन वाजला.

"अप्पा, आज बंद आहे का?" जिनेश विचारत होता. "आईंनी तुमचा फोन मोठ्या टीव्हीला जोडून घेतलाय. शेजारच्या चौघीजणी येऊन बसल्यात. कधी लागतंय म्हणून विचारतायत."

धन्यकुमारांनी डोळे मिटले, मोठा उसासा टाकला आणि पलंगाचा कठडा धरून उठले. जिन्याच्या तोंडाशी गुणमाला कंगवा घेऊन उभी होती.

"आवं, केस विंचरून जावा," ती म्हणाली. "बाहेरची माणसं बघायला लागल्यात आता."