काशीला सोडलेला फणस

माणिकराव ताटावर बसले, त्यांनी अर्धी भाकरी उचलली आणि खिडकीकडे धरून उजेडात निरखून पाहिली. खोटी नोट ओळखायला दुकानदार पाहतो, तशी. अन्नपूर्णाबाई चुलीपुढून हे पाहत होत्या. भाकरीत काही सापडणार नाही हे त्यांना ठाऊक होतं, कारण ती त्यांनीच थापली होती.

"सापडलं काही?" त्यांनी विचारलं.

"कड जरा करपलीय. करपलेलं आतड्याला चिकटतं म्हणतात."

"कोण म्हणते?"

"म्हणतात," माणिकराव म्हणाले, आणि कड मोडून त्यांनी ताटाबाहेर ठेवली.

हे 'म्हणतात' मेहकरच्या त्या घरात दोन वर्षांपासून राहायला आलं होतं. झालं होतं इतकंच, की एका लग्नात माणिकरावांनी जिलेब्या अंमळ जास्त खाल्ल्या आणि रात्री पोट धरून बसले. सकाळी वैद्य म्हणाले, "जरा सांभाळून खात जा." वैद्य ते वाक्य दारातून बाहेर पडताच विसरले. माणिकराव विसरले नाहीत. शिवाय ते कचेरीत कारकून होते, आणि कचेरीत कामाच्या वेळात दुसऱ्याच्या पोटाची काळजी करायला माणसांची कधीच वाण नसते. एकानं सांगितलं, वांग्यानं अंगावर चट्टे उठतात. दुसऱ्याच्या मेव्हण्याला तुरीच्या डाळीनं आम्लपित्त झालं होतं. तिसरा म्हणाला, गहू जड. शेंगदाणे, दही, पेरू, काकडी, शिळं, फार ताजं, असं एकेक जण माणिकरावांच्या ताटातून उठून गेलं. शेवटी मुगाचं पाणी आणि अर्धी भाकरी उरली, आणि त्यातली भाकरीही आता संशयितांत जमा होती.

अन्नपूर्णाबाई दोन वर्षं दोन चुली फुंकत होत्या. एक घराची, एक भीतीची. त्यांचा राग रोज थोडा थोडा साचत होता, आणि राग चढला की त्यांची भाषा मेहकर सोडून थेट माहेरी, जानेफळला जात असे. पण तो राग उतू गेला तो नवऱ्यावरून नाही. अकरा वर्षांची पद्मजा एक दिवस मैत्रिणीच्या घरून आली आणि तिनं रुमालाची गाठ सोडली. आत तिळाचा लाडू होता, मुंगीनं सुद्धा न चाखलेला.

"खाल्ला काऊन नाई?"

"याच्यात काय काय आहे ते विचारलं, तर शारदाची आई रागावली," पद्मजा म्हणाली. "तीळ उष्ण असतात ना, आई? बाबा म्हणतात."

पोरीची मनगटं काडीसारखी झाली होती. अन्नपूर्णाबाईंनी लाडू उचलला, नवऱ्याकडे पाहिलं आणि तो फेकून मारायचा मोह आवरला. अन्न फेकू नये, एवढ्याच कारणानं माणिकराव त्या दिवशी वाचले.

त्याच आठवड्यात जानेफळहून हिंमतरावांचा निरोप आला. हिंमतराव हे अन्नपूर्णाबाईंचे थोरले भाऊ. बैल बरा व्हावा म्हणून शेतातल्या मारुतीला त्यांनी नवस बोलला होता, आणि बैल बरा झाल्यावर तो फेडायचा होता. रोडग्यांची पंगत. म्हणजे गव्हाच्या जाड्या पिठाचे गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले आणि तुपात बुडवलेले, वर वांग्याची झणझणीत भाजी आणि तुरीचं वरण. माणिकरावांनी निरोप ऐकला आणि त्यांना वाटलं, मेव्हण्यानं आपल्या मरणाचा बेत पदार्थांनिशी कळवला आहे.

नाही म्हणायची सोय नव्हती. आणि जाऊन न खाण्याची तर त्याहून नव्हती, कारण हिंमतरावांचा आग्रह. गेल्या काही वर्षांत या मुलखानं तीन राज्यं बदलली होती, पण वऱ्हाडातल्या आग्रहाला कोणत्याही सरकारनं हात लावला नव्हता. हिंमतराव वाढायला उभे राहिले की जावयाचा आडवा धरलेला हात एका हातानं दाबून धरत आणि दुसऱ्या हातानं वाढत.

एस.टी.त बसल्या बसल्या माणिकरावांना तोडगा सुचला. तीन वर्षांपूर्वी आईच्या अस्थी घेऊन ते काशीला गेले होते. काशीला गेलेला माणूस एक तरी खाण्याची वस्तू तिथं सोडून येतो, आणि सोडली म्हटल्यावर तिचा आग्रह कोणी करत नाही. तो आग्रह करणाऱ्यालाच पाप. खरं म्हणजे माणिकरावांनी काशीला फणस सोडला होता. मेहकरच्या बाजारात फणस त्यांच्या जन्मापासून कोणी आणला नव्हता, त्यामुळे तो सोडायला सोपा गेला. पण हे घराबाहेर कुणाला माहीत नव्हतं, आणि काशीहून आल्यावर ते जानेफळला गेलेच नव्हते.

पंगत बसली. पळसाच्या पत्रावळी, थंडीचं कोवळं ऊन, निखाऱ्यांचा वास. गावचा जावई म्हणून माणिकराव मारुतीच्या अगदी समोर, शेजारी पद्मजा. बायका मागच्या बाजूला वरण काढत होत्या. हिंमतराव भाजीची बादली घेऊन आले.

"जवाईबापू, हात काढा."

"वांगं सोडलं हो," माणिकराव हळूच म्हणाले. "काशीला."

हिंमतरावांचा डाव हवेतच थांबला. त्यांनी बादली खाली ठेवून हात जोडले. दोन वर्षांत इतक्या सहज काही टळलं नव्हतं. पहिल्या यशानं माणूस बिघडतो, तसे माणिकराव बिघडले. रोडगा आला तेव्हा ते म्हणाले, गहूही सोडला. वरण आलं तेव्हा म्हणाले, तूरही. तुपाचं भांडं तर त्यांनी नुसती मान हलवून परत पाठवलं.

पंगतीत सगळ्यांत म्हातारे होते उकंडराव. गावात त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी वाकून जावयाकडे पाहिलं.

"आमी एक कारलं सोडलं, तं आठ दिस रुखरुख होती," ते म्हणाले. "अन् ह्या पोरानं आख्खी पंगत सोडली."

बातमी ओळीनं सरकत गेली. लोक माना वर करून पाहू लागले. मागच्या ओळीतल्या एकानं तर बसूनच नमस्कार केला. माणिकरावांना पहिल्यांदा जरा बरं वाटलं, आणि तिथंच घोटाळा झाला. कारण त्या मारुतीपुढचा नियम असा, की गावच्या जावयाच्या पत्रावळीवर अन्न पडल्याशिवाय जयजयकार होत नाही, आणि जयजयकार झाल्याशिवाय कोणी घास उचलत नाही.

"मंग जवाई खाते तरी काय?" उकंडरावांनी विचारलं.

"मुगाचं पाणी."

शेतात मूग नव्हते. हिंमतरावांनी एकाला सायकलवर गावात पिटाळलं. सगळी पंगत मांडी घालून बसून राहिली. पौषातला दिवस, रोडग्यांवरचं तूप थिजून पांढरं व्हायला लागलं. मघाची भक्ती तुपाच्या आधी थिजली. कोणी म्हणालं, पुण्य एकाचं अन् उपास गावाले. कोणी म्हणालं, काशीले आणखी थोडं सोडलं असतं तं मुगाचीबी कटकट नसती. हिंमतरावांचे कान लाल झाले. नवस त्यांचा होता, रोडगे त्यांचे होते, आणि गाव उपाशी बसलं होतं ते त्यांच्याच दारच्या जावयापायी.

आणि याच वेळी माणिकरावांना भूक लागली. साधी नव्हे. दोन वर्षं भीतीच्या मागं लपून बसलेली भूक एकदम पुढं आली आणि समोर मांडी घालून बसली. शेजारच्या पत्रावळीवरची भाजी लाल तेलात चमकत होती. निखाऱ्यात भाजलेल्या गव्हाचा वास नाकातून सरळ पायांपर्यंत उतरत होता. चट्टे, आम्लपित्त, आतडी, यांतलं काही आता त्यांना आठवेना. फक्त आपण हे सगळं सोडलं आहे, एवढंच आठवत होतं, आणि ते गावालाही आठवत होतं.

"निदान लेकराले तं घालू द्या," हिंमतराव म्हणाले. "लेकराले नेम नसते." त्यांनी रोडगा फोडला आणि पद्मजेच्या पत्रावळीकडे नेला.

पद्मजेनं रोडग्याकडे पाहिलं, मग बापाकडे पाहिलं, आणि दोन्ही हात पत्रावळीवर आडवे धरले. "मामा, मीबी सोडलं."

"वा, बापाची लेक," उकंडराव म्हणाले.

वरणाचं भांडं धरून आलेल्या अन्नपूर्णाबाईंनी हे ऐकलं. पुरुषांच्या पंगतीत तिथं बायका येत नसत. त्या आल्या. भांडं हिंमतरावांच्या हातात देऊन पोरीपुढं उभ्या राहिल्या.

"काय सोडलं व तू?"

"सगळं."

"कुठी?"

"काशीले."

"तू काशीले गेलीच नाई."

"बाबा गेले ना," पद्मजा म्हणाली.

अन्नपूर्णाबाई नवऱ्याकडे वळल्या. आवाज त्यांनी चढवला नाही, त्यामुळे तो शेवटच्या ओळीपर्यंत गेला. "मारुतीकडे पाहा, अन् काशीले काय सोडलं ते सांगा."

माणिकरावांनी मारुतीकडे पाहिलं. मारुतीनं काहीच मदत केली नाही.

"फणस," ते म्हणाले.

"काय म्हणते?" उकंडरावांनी कानाला हात लावला.

"फणस म्हणते," शेजारच्यानं सांगितलं, आणि 'फणस' ओळीनं मागं गेला. मागून प्रश्न आला, फणस म्हंजे काय? पंगतीत ते कोणालाच सांगता येईना.

हिंमतरावांच्या लक्षात आलं तेव्हा वरण भांड्यात हिंदकळलं. "म्हंजे तुमी माह्या रोडग्याले भेता?"

"रोडग्याले नाई, दादा. भाकरीले भेते, पाण्याले भेते," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "सोडणं येगळं अन् भेणं येगळं. सोडणारा एकदा सोडते अन् मोकळा होते. हा माणूस रोज ताटावर बसून मरते. मरू दे म्हणलं. पण आता लेकरालेबी संगं घेऊन चालला."

नवऱ्याला चारचौघांत 'हा माणूस' म्हणणं हे जानेफळातही मोठं होतं. पद्मजेचे हात अजून पत्रावळीवर आडवे होते.

उकंडरावांनी खाकरून निकाल दिला. "देवापुढं जे जे खोटं सोडलं, ते ते खरं खायचं. हाच दंड. वाढ रे हिंमत."

हिंमतरावांनी वाढलं. रागानं वाढलं, त्यामुळे भरपूर वाढलं. जयजयकार असा झाला की कुणाला तरी हाकलून लावताहेत असं वाटावं. माणिकरावांनी दंड भोगायला सुरुवात केली. पहिला घास तोंडात गेला आणि त्यांनी डोळे मिटले. दुसऱ्याला मिटायचंही विसरले. पद्मजा त्यांच्या उघड्या दंडाकडे एकटक पाहत होती.

"बाबा, चट्टे आले का?"

"थांब, खाऊ दे," माणिकराव म्हणाले.

ती थांबली. आणखी एक रोडगा गेला, त्यावर भाजी गेली, वरण गेलं. दंड जसाच्या तसा होता. मग तिनं आपले हात हळूच उचलले आणि बापाच्या पत्रावळीवरचा एक तुकडा घेतला. उजेडाकडे न धरता तोंडात टाकला. चावला. कोणाला काही विचारलं नाही, नुसती पत्रावळ मामापुढं सरकवली.

अन्नपूर्णाबाईंनी ते पाहिलं. खरं म्हणजे त्यांचा राग उतरायला हवा होता. पण उपाय इतका साधा होता आणि त्यापायी दोन वर्षं दोन चुली फुंकल्या, या विचारानं तो आणखी भडकला. सायकलवाला मूग घेऊन धापा टाकत आला तेव्हा त्याच्याशी कोणी बोललंच नाही. बायकांच्या पंगतीत अन्नपूर्णाबाई बसल्या नाहीत. भूक नाही म्हणाल्या आणि पिशवी उचलून एस.टी.च्या थांब्याकडे चालू लागल्या.

परतीच्या गाडीत माणिकराव बराच वेळ आपल्या पोटाकडे कान देऊन बसले. पोट गप्प होतं, आत काही बिघडल्याची खूण नव्हती. मेहकर जवळ आलं तसे तेच तापले. "दोन वर्षं," ते म्हणाले. "दोन वर्षं मी मुगाचं पाणी पिऊन राह्यलो. मले कोणी सांगितलं काऊन नाई?"

कंडक्टरनं एकदा अन्नपूर्णाबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तो पुढच्या दारापाशी जाऊन उभा राहिला. दिवसभर त्यांच्या पोटात अन्न नाही, नुसता संताप. छातीत जळजळत होतं, तोंडाला आंबट पाणी सुटलं होतं. त्यांनी पदर तोंडाशी धरला.

पद्मजेनं त्यांच्या मांडीवर रुमाल ठेवला आणि गाठ सोडली. आत रोडगा होता, तुपानं रुमाल चांगलाच माखलेला.

"खा आई. काही होत नाही," ती म्हणाली. "बाबांवर पाहून घेतलं."

अन्नपूर्णाबाईंनी रोडगा फोडला, अर्धा पोरीला दिला आणि अर्धा स्वतः खाऊ लागल्या. पलीकडून माणिकरावांचा हात हळूच पुढं आला.

"तुमी फणस खा," खिडकीबाहेर पाहत त्या म्हणाल्या.